हॉस्पिटलजवळचे मुक्काम

अल सद्द, दोहा
८ फेब्रुवारी

नमिता,

आधी 'प्रिय' लिहिलं होतं, मग पुसलं. पाच वर्षं एकमेकींना दिवाळीला पणत्यांचे फोटो पाठवण्यापलीकडे काही न केलेल्या आपण दोघी जावा. एकदम 'प्रिय' म्हणजे जरा अतीच झालं. येऊ तिथपर्यंत हळूहळू.

मेल लिहितेय, कारण व्हॉट्सॲप नको. माझा फोन घरात कुठेही पडलेला असतो आणि संजीवला स्वतःचा सापडला नाही की तो माझाच उचलतो. तूही उत्तर मेलवरच दे, आणि मराठीत नाही जमलं तर इंग्रजीत दे, मी काही मार्क कापणार नाही.

आपल्या दोन्ही घरांच्या ट्रिपसाठी तू पाठवलेली तुमच्याकडच्या डोंगरातल्या कॅम्पग्राउंडची नावं बघितली. हसू नकोस, पण मला आधी वाटलं होतं की मोटरहोम म्हणजे चाकांवरचं घर, तर मग जागा कशाला शोधायची, जिथे झोप आली तिथे बाजूला लावायची. इथे थंडीत लोक सीलाइनच्या किनाऱ्यावर वाळूत हवी तिथे गाडी घालतात, तसंच. संजीव म्हणाला, "बाईसाहेब, ते नॅशनल पार्क आहे, तुमच्या माहेरचं अंगण नाही." मुक्काम ठरलेल्याच जागी करायचा आणि तोही कितीतरी महिने आधी बुक करायचा, हे मला तेव्हा कळलं.

तर माझी पसंती सांगते. बॅन्फला टनेल माउंटन, कारण तिथे वीज-पाणी आहे आणि गाव खाली लगेच. मग लेक लुईस. आणि जॅस्परला जे गावाला सगळ्यात जवळ असेल ते. झालं, खलास. मधलं काही नको.

तू लिहिलंस, "वहिनी, इतक्या लांब येऊन तुम्हाला हायवे आणि मालगाडीच्या आवाजातच झोपायचंय का?" हो, झोपायचंय. मला माणसांची सवय आहे. शिवाय वीज नसली तर मिक्सर कसा लावू? तुझ्या नवऱ्याला माझ्या हातची चटणी लागते की नाही, विचार त्याला.

संजीवचं सगळंच उलटं. त्याला ते वॉटरफाउल तळं हवं, आणि त्याहून वर विल्कॉक्स म्हणून काहीतरी आहे, ते हवं. वीज नाही, फोनला रेंज नाही, आणि बुकिंगही नाही, जो आधी पोचेल त्याला जागा. वेडच घेतलंय त्यानं. मी म्हटलं गुडघे धरतील तुझे थंडीनं. ऐकतो कुठे! पालथ्या घड्यावर पाणी.

खरं सांगू, तो इतका खूश मी पाच वर्षांत पाहिला नाही. मामंजी गेले तेव्हा विमानं बंद, अमेय तिकडे अडकलेला, आणि संजीव सुट्टीवर आला म्हणून नशिबानं नाशिकला. अमेय व्हिडिओवर रडत होता आणि हा त्याला म्हणाला, "तू कशाला रडतोस, तुला तर घरबसल्या दिसतंय सगळं." मी शेजारी उभी होते. शब्द कसे तोंडातून गेले त्याचं त्यालाच माहीत. नंतर माफी मागायची सोडून ताठ बसला, आणि तुमचाही काही वाकला नाही. आता ही ट्रिप म्हणजेच त्याची माफी, बरं का. तोंडानं नाही मागणार तो.

आम्ही इथे ठीक. हल्ली मेट्रोनंच जातो सगळीकडे, पार्किंगची फार कटकट झाली आहे.

एक काम कर माझं. गाडी अमेयनंच चालवायची, असं तू तुझ्या बाजूनं ठरवून टाक. इथे सगळं सपाट गं, फ्लायओव्हर सोडला तर वीस वर्षांत संजीवनं चढ बघितलेला नाही. कारण म्हणून हेच सांग. माझं नाव मात्र कुठे येऊ देऊ नकोस.

विभावरी

---

अल सद्द
१ मार्च

नमिता,

रमजान सुरू झाला, ऑफिसं लवकर सुटतात. म्हणजे संजीव दुपारीच घरी. आत्ता झोपलाय, तेवढ्यात लिहून घेते.

तुझं पत्र वाचून मी डोक्याला हात लावला. म्हणे "दादांनीच अमेयला मेसेज केला की गाडी मी चालवणार, आणि अमेय इतका खूश झाला की मला मध्ये बोलता आलं नाही." अगं, मग माझं काम झालं तरी काय?

पण त्यांचे मेसेज मीही पाहिले. संजीवनं मला स्वतःहून दाखवले. पाच वर्षांनंतरचा पहिला शब्द काय, तर "विल्कॉक्स?" त्यावर तुझ्या नवऱ्याचं उत्तर, "हुकअप नाही." म्हणजे वीज-पाण्याची जोडणी नाही. त्यावर हा, "मग काय झालं?" त्यावर तो, "थंडीनं मरशील." आणि हा फोन हातात घेऊन हसत बसला. एकटाच. डोळे पुसले आणि मला म्हणाला, एसीची हवा लागते डोळ्यांना. आता रोज चाललंय. कुठल्या जागेला नदी जवळ, कुठे झाडी दाट, कुठे पंचवीस फुटी गाडी मावते. दोन म्हातारे होऊ घातलेले बाप्ये नवं खेळणं मिळाल्यासारखे करतायत. मी त्यात मिठाचा खडा कसा टाकू, सांग.

पितृपक्षाचंही त्यानं पक्कं केलंय. मामंजींची पंचमी दोघा भावांनी मिळून करायची, वाहत्या पाण्याकाठी. इथे आम्ही बाल्कनीत एसीच्या डब्यावर घास ठेवतो आणि येतात साळुंक्या. संजीव दरवर्षी चिडतो, की बाबा काय साळुंकी झालेत का? तिकडे खरे कावळे आहेत म्हणून त्याला कोण आनंद! तू लिहिलंस की तिथे अन्नाचा कण बाहेर ठेवायला बंदी आहे, घास ठेवला तर कावळ्याच्या आधी अस्वल येईल. ते मी त्याला वाचून दाखवलं. म्हणतो, "हातात धरून उभा राहतो, कावळ्यानं हातातून घ्यावा." तुला दीर लाभलाय तो असा.

पण ते अस्वल-बिस्वल मला एवढं नाही घाबरवत. मला तुमच्या अंतराच्या त्या व्हिडिओ कॉलनं घाबरवलं. "काका, आय विल बी युअर नॅव्हिगेटर!" आणि हा म्हणाला, "डन! पुढची सीट तुझी." अकरा वर्षांची पोर. नमिता, मला त्या रात्रीचं जेवण गेलं नाही.

तू विचारलंस, "वहिनी, नक्की काय झालंय?" सांगते. डिसेंबरात आम्ही दुखानच्या रस्त्यानं येत होतो. सरळ रस्ता, दुपारची वेळ, मी पेरू कापत होते. गाडी हळूहळू डावीकडे जायला लागली. मी म्हटलं, अरे, काय करतोयस? उत्तर नाही. मी स्टीअरिंग ओढलं तेव्हा बाजूनं एक टँकर केवढ्यानं हॉर्न देत गेला. मग संजीव म्हणाला, "काय गं, कशाला हात घालतेस मध्ये?"

डुलकी लागली असणार. दमतो फार, रोज पहाटे उठून रास लफानच्या प्लांटवर जायचं म्हणजे सोपं नाही. तेव्हापासून माझी भीती जात नाही, एवढंच. म्हणून म्हणते, मुक्काम जवळजवळचे ठेव. एका दिवसात फार तर दीड तास गाडी. आणि प्रत्येक ठिकाणी जवळ एखादं हॉस्पिटल असू दे. आपल्याला काय, वय झालं आता.

विभावरी

---

अल सद्द
१९ एप्रिल

नमिता,

तू किती साधेपणानं लिहिलंस, "डुलकी लागत असेल तर वाटेत कॉफी घेऊ, मध्ये मध्ये थांबू." तुझा काही दोष नाही. मीच तुला अर्धं सांगितलं.

ती डुलकी नव्हती.

त्याला फिट येतात. तू मनात आणशील तशा नाहीत, की माणूस खाली पडला, हातपाय झाडले, तोंडाला फेस आला. तसं काही नाही. बोलता बोलता थांबतो. डोळे उघडे असतात, पण त्यात तो नसतो. ओठ चाटतो आणि उजव्या हातानं शर्टाचं बटण चाचपत राहतो. अर्धा मिनिट, कधी जास्त. मग परत येतो आणि म्हणतो, काय म्हणालीस? त्याला मधलं काहीच आठवत नाही. त्याच्या लेखी ते घडलेलंच नसतं. तो खोटं बोलत नाही गं, हेच तर भयंकर आहे. खोटं बोलणाऱ्याशी भांडता तरी येतं.

जानेवारीत आम्ही चार दिवस नाशिकला गेलो ते लग्नाला नव्हे. तिथल्या डॉक्टरांना दाखवलं. इथे दाखवलं असतं तर इन्शुरन्समधून कंपनीला कळलं असतं. फिट येणाऱ्या माणसाला प्लांटवर कोण उभं करेल? साइट बंद म्हणजे नोकरी बंद, नोकरी बंद म्हणजे व्हिसा बंद, आणि मग बस बाडबिस्तरा गुंडाळून. आमच्या अर्णवचं पुण्यातलं कॉलेज अजून व्हायचंय. त्यालाही काही सांगितलेलं नाही. इथे सगळे असंच करतात, नमिता. कुणाला साखर, कुणाला बीपी, कुणाचं मन ठिकाणावर नाही. तपासणी गावाला, औषधं येणाऱ्या-जाणाऱ्याबरोबर, आणि इथे झाकली मूठ सव्वा लाखाची. आम्ही काही जगावेगळे नाही.

डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि स्पष्ट सांगितलं, की गाडीला हात लावायचा नाही. हा म्हणतो, मेंदूचा आलेख नॉर्मल आलाय ना, मग झालं तर! गोळ्या मी व्हिटॅमिनच्या बाटलीत भरून ठेवते. त्या घेतल्या की त्याला दिवसभर गुंगी येते. म्हणून तो कधीकधी चुकवतो असा मला संशय आहे. विचारलं की भडकतो. "सहा महिन्यांत काही झालंय का?" म्हणतो. झालंय. मी पाहिलंय. टीव्हीसमोर, जेवताना, एकदा लिफ्टमध्ये. पण प्रत्येक वेळी सांगायला गेले की घरात चार दिवस अबोला, म्हणून मी सांगणंच सोडलं. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं.

आता कळलं का तुला, माझे मुक्काम असे का? मी सुंदर जागा बघतच नाही गं. तू तळ्यांचे फोटो पाठवतेस आणि मी बघते, की शेजारच्या गावात हॉस्पिटल आहे का, रस्त्यावर रेंज आहे का. लेक लुईसहून जॅस्परपर्यंत तो जो रस्ता आहे, ज्याला तू जगातला सगळ्यात सुंदर रस्ता म्हणतेस, तो मी नकाशावर बोटानं चालून पाहिला. एका बाजूला कडा, दुसऱ्या बाजूला दरी, आणि तासन् तास फोन लागत नाही. आणि पुढच्या सीटवर तुझी अंतरा. स्वयंपाकघरात जाऊन उभी राहिले.

माझ्यावर एक उपकार कर. अमेयला सांगू नकोस. आत्ता कुठे दोघं बोलायला लागलेत. हे कळलं तर अमेय त्याला आजारी माणसासारखं वागवेल, आणि संजीव जन्मात त्याच्या दारात जाणार नाही. मी ओळखते त्याला. काहीतरी युक्ती काढ. मोटरहोमवाल्यांना इथलं लायसन्स चालत नाही म्हण, इन्शुरन्स फक्त अमेयच्या नावावर आहे म्हण. तू बँकेत आहेस, तुला असं पटेलसं बोलता येतं.

हात जोडते तुला.

विभावरी

---

अल सद्द
१४ जून

नमिता,

तुझं पत्र तिखट होतं. असू दे, माझ्या मुलाच्या जिवाचं कुणी असं लपवलं असतं तर मीही असंच लिहिलं असतं. "दादा स्टीअरिंगला बसणार असतील तर आम्ही गाडीत चढणार नाही, आणि तुम्ही त्यांच्याशी स्वतः बोला, नाहीतर मी अमेयला सांगते." वाचलं. दोनदा वाचलं.

तर बोलले मी त्याच्याशी. तो तयार आहे. अमेयच चालवेल. आता काळजी करू नकोस आणि अमेयकडेही हा विषय काढू नकोस, उगाच कशाला जखमेवरची खपली काढायची.

मुक्कामांचं तूच म्हणतेस तसं करू. बॅन्फ, लेक लुईस, आणि मग परत. जॅस्पर राहू दे. संजीवला विल्कॉक्सचं मी समजावीन. आत्ता तो व्हिडिओ बघत बसतो, उतारावर गाडी कशी आणायची, ब्रेकवर पाय न ठेवता खालच्या गिअरवर कसं यायचं. नुसती हौस म्हणून बघतो. अमेयला शेजारी बसून सांगायला. अमेयला गाडी शिकवली ती यानंच ना, गंगापूर रोडला, मामंजींच्या फियाटवर. गुरुजींना शिष्य चालवतोय हे बघवत नाही, एवढंच.

इथे दिवसा बाहेर पाय ठेवायची सोय नाही. गोळ्या संपत आल्यात. आमच्या बिल्डिंगचे एसी बघणारा महिपती म्हणून आहे, येवल्याचा, तो सुट्टीवर गेलाय. ऑगस्टात परत येताना आणेल. तोवर पुरवून पुरवून घ्यायच्या.

अंतराला पापा. तिला विचार, काकूनं काय आणावं?

विभावरी

---

अल सद्द
२३ ऑगस्ट

चि. अमेय,

हे पत्र तुला आहे. नमिताला नाही. वहिनीनं तुला पत्र लिहायची ही पहिलीच वेळ. दादा ठीक आहे. समोरच्या खोलीत बसलाय. आधी तेवढं वाचून श्वास घे, मग पुढचं वाच.

दादाला फिटचा आजार आहे. वर्ष होत आलं. भान जातं, डोळे उघडे राहतात आणि नंतर त्याला काही आठवत नाही. डॉक्टरांनी गाडी चालवायला बंदी केली आहे. नमिताला हे एप्रिलपासून माहीत आहे. तिच्यावर एक अक्षरही रागावू नकोस, तुला सांगू नको म्हणून मीच तिला गळ घातली. आणि ती जेव्हा म्हणाली, की दादाशी बोला नाहीतर अमेयला सांगते, तेव्हा बोलले म्हणून मी तिला सरळ खोटं लिहिलं. मी बोलले नव्हते. माझी हिंमत झाली नाही. तुम्हा दोघांचं ते मेसेज-मेसेज चाललेलं मोडायला माझा हात धजला नाही.

काल काय झालं ते सांगते. काल शुक्रवार. गोळ्या संपून बरेच दिवस झाले होते. महिपती गावाहून परतला होता, गोळ्या त्याच्याकडे होत्या, बरवा अल बराहाच्या कामगार वसाहतीत, त्याच्या खोलीवर. मी म्हटलं, टॅक्सीनं मी एकटी जाते. दादा म्हणाला, "तिथे हजारो पुरुष राहतात, तू एकटी कुठे शोधत फिरणार? चल, यल्ला." मी बसले गाडीत. का बसले, ते विचारू नकोस. भांडण नको म्हणून बसले. आयुष्यभर मी त्याच एका कारणासाठी काय काय केलंय!

फिटच्या गोळ्या आणायला, फिट येणारा माणूस, स्वतः गाडी चालवत. आम्ही शहाणी, शिकलेली माणसं बघ.

महिपती त्यांच्या बिल्डिंगसमोर फुटपाथवर उभा होता. हातात पिशवी. आम्हाला बघून त्यानं हात वर केला. त्याच्यामागे बसची रांग, सुट्टीचा दिवस, पंधरावीस जण भाजीबिजी घेऊन उभे. मी दादाला म्हटलं, तो बघ, घे बाजूला. उत्तर नाही. वळून पाहिलं तर त्याचा उजवा हात बटणावर. ओठ चाटत होता. गाडी सरळ त्या रांगेकडे चालली होती आणि त्याचा पाय ॲक्सिलरेटरवर होता, अमेय. ब्रेकवर नाही.

मला गाडी येत नाही. मी हँडब्रेक ओढला, दोन्ही हातांनी ओढला, आणि स्टीअरिंगवर अंग टाकलं. गाडी फुटपाथवर चढली आणि खांबाला लागली. लोक ओरडत पळाले. महिपती मध्ये सापडला. गाडीच्या कोपऱ्याचा धक्का बसून तो आडवा झाला. माझ्या खिडकीतून फक्त त्याची चप्पल दिसत होती. ती हलेना. मी देवाचं नावसुद्धा घेतलं नाही. मला देव आठवलाच नाही.

मग ती हलली. हात मोडलाय त्याचा, मनगटापाशी. जिवावर बेतलं ते हातावर निभावलं.

आणि दादा भानावर आला, काच खाली केली आणि म्हणाला, "अरे, हा आडवा कसा आला?"

पोलीस आला. महिपती हात पोटाशी धरून बसला होता, घामानं निथळत, आणि त्यानं पोलिसाला हिंदीत सांगितलं, "साब, गाडी नहीं लगा, मैं खुद गिरा." मी तोंड उघडलं तर मराठीत मला म्हणाला, "वहिनी, तुमी बोलू नका. सायबाची नोकरी जाईल, अन् माझ्याबी मागं झंगट लागंल." घाबरला होता तो. आम्ही घाबरलो होतो. तिथे उभा असलेला प्रत्येक माणूस कशाला ना कशाला घाबरलेला होता. म्हणून खोटं सगळ्यांना पटलं. दादानं तर मनापासून मान हलवली. त्याला खरंच वाटतं की तो माणूस घसरून पडला. महिपतीला हॉस्पिटलात नेलं, प्लास्टर घातलं, त्याला सोडून आम्ही टॅक्सीनं घरी आलो.

घरी आल्यावर दादानं चहा घेतला, लॅपटॉप उघडला आणि मला म्हणाला, "विभा, विल्कॉक्सला सकाळी दहाच्या आत पोचायला हवं, नाहीतर जागा मिळत नाही. अंतराला लवकर उठवावं लागेल."

त्या क्षणी माझ्यातलं काहीतरी संपलं. भीती नाही संपली, ती आहेच. पण आजपर्यंत मी त्याच्या रागाला भीत होते, नोकरी जाईल म्हणून भीत होते, तुम्ही दोघं परत तुटाल म्हणून भीत होते. काल मला त्या चपलेच्या जागी अंतराचे बूट दिसले. मग बाकीच्या भीत्या कुठल्या कुठे गेल्या.

आज सकाळी मी त्याला सगळं सांगितलं. दुखानचा रस्ता, लिफ्ट, जेवणाचं ताट, काल त्याचा पाय कुठे होता, सगळं. आधी ओरडला. मग म्हणाला, तू माझ्या भावासमोर मला लुळापांगळा करायला निघालीस. उद्या रविवार, ऑफिस उघडलं की मी त्याच्याबरोबर कंपनीच्या डॉक्टरांकडे जाणार आहे आणि माझ्या तोंडानं सांगणार आहे. तिथून महिपतीकडे. त्यानं माझ्या नवऱ्यासाठी खोटं बोलावं आणि मोडका हात घेऊन एसीची शिडी चढावी, हे मला चालणार नाही. नोकरी गेली तर जाईल. नाशिकला आमचं घर आहे, त्याला दार आहे.

हे पत्र लिहितेय तेही दादाला सांगून लिहितेय. तो म्हणाला, "हे पाठवलंस तर मी ट्रिपला येणार नाही. अमेयला तोंडही दाखवणार नाही. समजलीस?"

समजले.

पण तिकिटं काढलेली आहेत, आणि मी ओळखते त्याला. रुसेल, फुगेल आणि शेवटच्या दिवशी बॅग भरेल. आला, तर तुझ्यासमोर हात पुढे करेल. चावी दे म्हणेल. मोठा भाऊ म्हणून म्हणेल, मीच तुला शिकवलं म्हणेल, बाबांची शपथ घालेल. कदाचित पाच वर्षांपूर्वीच्या त्या वाक्याची माफीही मागेल, तुझ्या गळ्यात पडून. तू किती वर्षं त्याची वाट बघतोयस, मला माहीत आहे. तू विरघळशील. एवढंसं काय, सरळ रस्त्यावर थोडा वेळ देऊ या म्हणशील.

देऊ नकोस. पार्किंगमधल्या पार्किंगमध्येसुद्धा देऊ नकोस.

तो परत पाच वर्षं तुझ्याशी बोलला नाही तरी चालेल. माझ्याशी बोलला नाही तरी चालेल. तुम्ही दोघं एकत्र यावं म्हणून मी किती नवस बोलले, आता तेच माझ्या हातानं मोडतेय. पण तो रागावून का होईना, कुठेतरी खुर्चीवर बसलेला मला हवाय, अमेय. आणि तुझी पोर तुझ्या घरी.

आत्ता दारात येऊन उभा राहिला. विचारलं, चहा करू का? नको म्हणाला. "पाठवलंस का?" म्हणाला.

पाठवतेय, म्हटलं.

तुझी वहिनी,
विभावरी